भिण्याची हौस

आमच्या घरात बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत एक पॅसेज आहे. सात पावलांचा. दिवसा तिथे इस्त्रीचं टेबल, सायकलचा पंप आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील असतो. रात्री साडेबारानंतर काय असतं ते मला माहीत नाही, कारण मी तो डोळे मिटून पार करतो. दिव्याचं बटण बिल्डरने पलीकडच्या टोकाला बसवलंय. म्हणजे उजेड हवा असेल तर आधी अंधारातून जायचं. माझं वय ४२, वजन ८२. वजन एवढ्यासाठी सांगितलं की ८२ किलोचा माणूस सात पावलं धावला की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. तिथल्या काकांनी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलंही, ‘रात्री तुमच्याकडे काही पडतं का हो?’ मी म्हटलं, ‘मांजर.’ आमच्याकडे मांजर नाही.

आता असा माणूस भुताचे सिनेमे का बघतो, हा प्रश्न बायको गेली सतरा वर्षं विचारते आहे. मी तिला मिसळीचा दाखला देतो. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कानशिलं तापलेली, आणि तरी हात वाडगा पुढे करतोय : अजून थोडी तर्री. बायको म्हणते, मिसळ खाऊन तू मला पाणी प्यायला सोबत नेत नाहीस. मुद्दा बिनतोड आहे.

हे व्यसन लागलं नारायण धारपांमुळे. धारपांची पुस्तकं आमच्या वाचनालयात कधीच जागेवर नसायची, आणि मिळाली तर त्यांची पानं कोपऱ्यात दुमडलेली असायची, कारण आधीच्या वाचकाने भिऊन तिथेच सोडलेलं असायचं. माझीही पद्धत ठरलेली होती : दुपारी अंगणात उन्हात बसून वाचायचं आणि रात्री आईच्या पदराचं टोक हातात धरून झोपायचं. पुढे १९९३ साली ‘झपाटलेला’ आला. सगळं गाव लक्ष्याला हसत होतं, आणि मी रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याकडे बघत खुर्चीखाली जागा शोधत होतो. तात्या विंचू झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी साकारले, तेव्हा लोक भारावले. मला मात्र अहिंसेवर विश्वास ठेवायला फार जड गेलं.

तर सांगायचं असं की गेली दोन वर्षं माझ्या या हौसेला घरातच एक परीक्षक लाभला आहे. वडील गेल्यावर आई कुडाळकडचं घर बंद करून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली. तिला मालिका आवडत नाहीत. (‘रात्रीस खेळ चाले’ सुरुवातीला बघितली, ती आकेरीचं घर ओळखीचं म्हणून.) पण मी रात्री भुताचा सिनेमा लावला की ती शेंगा सोलायला घेऊन शेजारी येऊन बसते आणि तज्ज्ञाच्या नजरेने बघते. सेवानिवृत्त पीएसआयने पोलिसांवरचा सिनेमा बघावा तसं. पडद्यावर काहीतरी किंचाळत अंगावर येतं, मी उशी तोंडावर घेतो, आणि शेजारून शांत आवाज येतो, ‘असां नसतां ता.’

आईच्या गावाकडे अदृश्य जगाचा कारभार अगदी व्यवस्थित आहे. कोणाची हद्द कुठवर, कोण कुठल्या झाडावर, कोणाला काय द्यायचं, सगळं ठरलेलं. गावाच्या सीमेवर देवचार. रात्री हातात काठी घेऊन फेरी मारतो, चुकलेल्या माणसाला वाटेला लावतो. जवळच वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा, भुतांचा राजा. त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो, अशी श्रद्धा. केळ्यांचा घडही देतात. माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे. ज्याच्या चपला झिजतात त्याच्याशी बोलणी करता येतात. हॉलिवूडचं भूत चप्पल मागत नाही, घड मागत नाही, थेट जीवच मागतं. मधल्या पायऱ्याच नाहीत. आईचं मत, ‘त्यांका कोणी गाऱ्हाणां घालूक शिकवलां नाय.’

तिला थिएटरात पहिल्यांदा नेलं ते ‘मुंज्या’ला, जून २०२४ मध्ये. कोकण आहे, आपला आदित्य सरपोतदार दिग्दर्शक आहे, तुला आवडेल म्हटलं. (याच सरपोतदारांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढून आमच्या डोंबिवलीत झोंबी सोडले होते. भान हरपलेली माणसं एकाच दिशेने एकमेकांना रेटत निघालेली बघून डोंबिवलीकरांना फारसं काही वाटलं नाही. सकाळच्या फास्ट लोकलला निदान चावत नाहीत, इतकाच फरक.) मुंज होऊन सोडमुंजेआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे आईला नव्याने सांगायची गरज नव्हती. पडद्यावर तो कॉम्प्युटरवर बनवलेला, दातओठ खाणारा, उड्या मारणारा जीव आला आणि आई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘ह्यां माकड खंयसून हाडल्यानी?’

‘आई, तो मुंज्या आहे.’

‘मुंजो? आमच्या पिंपळावरचो मुंजो गरीब. कधी कोणाच्या वाटेक गेलो नाय.’

मुंज्याचं एकच म्हणणं : लगीन. त्याला मुन्नी हवी असते, ती नाही तर आणखी कोणी. इंटरव्हलमध्ये आई पॉपकॉर्न खात विचार करत होती. मग म्हणाली, स्थळ तसं वाईट नाही. सासू-सासऱ्यांची जबाबदारी नाही. स्वतःचं झाड आहे. कोकणात मूळ घर, पुण्याला येणंजाणं. मुंज वेळेवर झालेली, म्हणजे घरचे संस्कार चांगले. केस नाहीत, पण हल्ली कोणाला आहेत? शेवटचं वाक्य म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

मला त्या सिनेमात मजा आली, भीती अजिबात नाही. तक्रार माझी ही की हल्लीचं भूत फार दिसतं. १९७४ साली स्पीलबर्ग ‘जॉज’ करत होता तेव्हा त्याचा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा. नाइलाजाने त्याने शार्क कमी दाखवला, नुसतं पाणी दाखवलं, आणि जगभरच्या लोकांनी समुद्रात पाय घालायचं सोडलं. बिघाडातून भीती जन्माला आली. (आमच्या सोसायटीच्या लिफ्टनेही हे तंत्र आत्मसात केलेलं आहे.) आता कॉम्प्युटर बंद पडत नाही, त्यामुळे भूत पहिल्या दहा मिनिटांत नखशिखांत बघून होतं. शेवटाला पोचेपर्यंत त्याची इतकी सवय होते की त्याला चहा विचारावासा वाटतो.

‘स्त्री’चं आईला कौतुक. भिंतीवर ‘उद्या ये’ लिहिलं की ती परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. कर्नाटकात ‘नाळे बा’ची दंतकथा आहे, त्यावरून ही कल्पना आली. आईला त्यात भुताचा शिकलेपणा दिसला. मला मात्र त्या बाईबद्दल भयंकर सहानुभूती वाटली, कारण सातबाऱ्यावर नाव चढवून घेण्यासाठी मी अशाच एका भिंतीपर्यंत अकरा वेळा जाऊन आलोय. फरक इतकाच की मला कोणी घाबरत नव्हतं.

परदेशी भुतांचं आमच्या घरी जमत नाही. रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेराटू’ मी मोठ्या भक्तिभावाने लावला. मूळ मूकपट १९२२ सालचा, मुर्नावचा. ‘ड्रॅक्युला’वरून परवानगी न घेता केला म्हणून ब्रॅम स्टोकरच्या विधवेने खटला भरला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्याच. कोर्टाच्या हुकमालाही न मेलेलं ते पिशाच आहे, असं मी प्रास्ताविक केलं. नव्या सिनेमात काउंट ऑर्लोकला भरघोस मिशा आहेत. त्या दिसताक्षणी आई म्हणाली, ‘खंयच्या संस्थानातलो?’ त्यानंतर अख्खा सिनेमा मला तो रक्ताला चटावलेला न वाटता तनखा बंद झालेला वाटत राहिला.

२०२५ सालच्या ‘वेपन्स’ची गोष्ट तर माझ्या मुलीने पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढली. एका वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एकदम उठतात, दार उघडतात आणि हात पसरून अंधारात धावत सुटतात. बघताना माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी सव्वासातच्या शाळेसाठी कधी स्वतःहून उठले होते का?’ खरंच. दहा वर्षं तिला हलवून, पाणी शिंपडून, पंखा बंद करून उठवलेलं आहे. कोणीतरी १७ मुलांना गजर न लावता एका वेळी उठवतं म्हणजे ती बाई चेटकीण असणारच, पण तिचा क्लास लावायला हरकत नव्हती.

मुलीने मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझं आयुष्य थोडं सोपं, थोडं बेचव करून टाकलं. ऐन प्रसंगाला तिने रिमोटवर आवाज बंद केला. जिना, दार, दाराआड हलणारा पडदा, आणि मग एकदम एक पांढरा चेहरा. आवाज नाही तर तो चेहरा दंतवैद्याकडे आलेल्या पेशंटसारखा दिसतो. आ वासलाय, आणि कोणी विचारत नाहीये. थोडक्यात, भुताचा निम्मा जीव गळ्यात असतो. आधी शांतता, मग आणखी शांतता, आणि मग धडाम. ही युक्ती जुनी आहे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चाललीय, मागून पावलं वाजताहेत, आपण बिबट्याच येणार म्हणून श्वास धरून बसलोय, आणि कर्कश फुस्स करून अंगावर येते ती बस. नुसती प्रवाशांची बस. निर्माता व्हाल ल्यूटनच्या नावावरून तेव्हापासून या फसवणुकीला ‘ल्यूटन बस’च म्हणतात. आम्हाला त्याचं काय कौतुक असणार? आमच्याकडे एसटी ब्रेक मारते तेव्हा तोच आवाज येतो, फक्त त्यानंतर माणसं घाबरायच्या ऐवजी खिडकीतून रुमाल टाकतात.

आईला हा आवाज लागू पडत नाही. ती कानाचं यंत्र काढून ठेवते.

तिचं लक्ष असतं ते घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. ‘शैतान’ बघितला, अजय देवगण आणि माधवनचा. गुजराती ‘वश’वरून केलेला. मुलीची भूमिका दोन्हीकडे जानकी बोडीवालाचीच. अनोळखी माणूस फोन चार्ज करायचाय म्हणून दारात येतो आणि घरातच ठाण मांडतो, पोर त्याच्या ताब्यात, तो सांगेल ते करते. मी आणि बायको एकमेकांचा हात धरून बसलो होतो. (सतरा वर्षांत हा एक फायदा.) आई म्हणाली, भुतांना काय भ्यायचं त्यात? ‘भुतां येतत नि जातत. पावणे येतत ते रवतत.’ मग १९८८ च्या मे महिन्यात ‘दोन दिवसांसाठी’ आलेल्या आणि पहिला पाऊस बघून गेलेल्या एका नातेवाइकाची गोष्ट तिने सांगितली. ती ‘शैतान’पेक्षा लांब आणि जास्त भीतीदायक होती.

‘भ्रमयुगम’ही पाहुण्यांचाच म्हणायचा, फक्त उलटा. मल्याळम, २०२४ चा, अख्खा कृष्णधवल. रानात वाट चुकलेला गाणारा माणूस एका पडक्या वाड्यात येतो, यजमान जेवू घालतो, गाणं ऐकतो, आणि मग पाहुण्याला जाताच येत नाही. सोंगट्यांचा डाव मांडायचा आणि पणाला लावायचं ते स्वतःच्या आयुष्यातला वेळ. मामुट्टी नुसता बसलेला असतो. उघडा, पोट सुटलेला, पान खाल्ल्यासारखं हसणारा. मला या दोन वर्षांत सगळ्यात जास्त भीती कोणाची वाटली असेल तर त्या बसण्याची. धावत येणाऱ्यापासून पळता येतं. बसलेल्या यजमानासमोरून ‘निघतो आता’ म्हणत उठणं किती अवघड असतं ते पुण्यात सोडून सगळीकडे ठाऊक आहे. आई सबटायटल्स वाचत नाही. तिला जांभा दगड, शेवाळ, कौलांवरून गळणारं पाणी दिसलं आणि तिने विचारलं, ‘ह्यां कुडाळ काय?’ मी केरळ म्हटलं तरी तिने शेवटपर्यंत मानलं नाही.

मराठीत विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७) हा माझा आवडता. हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा झाला. गरोदर बाई, उसाचं शेत, आत शिरलं की सगळ्या दिशा सारख्या. ऊसच ऊस. भुताला अंधार लागतो हा समज त्या शेतात मोडतो, तिथे दिवसाढवळ्या घाम फुटतो. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. स्टेशनजवळ रसवंतीगृह आहे. चरकाला घुंगरं बांधलेली असतात, हे मी जन्मभर ऐकत आलो. सिनेमा बघितल्यावर दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते छुम छुम ऐकलं आणि समोर उसाच्या उभ्या मोळ्या. रसवाल्याने विचारलं, ‘आलं-लिंबू टाकू?’ मी उत्तर न देता रिक्षात बसलो.

आणि मग ‘तुंबाड’. मी तो २०१८ ला पाहिला होता तेव्हा हॉलमध्ये नऊ जण होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. लोक सहा वर्षांनी भ्यायला आले. राही अनिल बर्वेचा सिनेमा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, बीज धारपांच्या कथेचं, म्हणजे माझं वाचनालय फिरून पुन्हा माझ्यापुढे उभं. मुलीला थिएटरात दाखवला, आईला नंतर घरी लावून दिला. पाऊस, पडका वाडा, साखळीत जखडलेली, मरतही नाही आणि जगतही नाही अशी म्हातारी. थोरल्या पोराला एकट्याने तिला जेवू घालायचंय. मी उशी तयार ठेवली. आईने शेंगा बाजूला केल्या, कानाचं यंत्र घातलं आणि पुढे वाकली.

‘म्हातारेक जेवूक घातल्यान काय?’

‘आई, ती पिशाच्च आहे. ती त्यालाच खाईल.’

‘उपाशी आसा म्हणान खाता.’

माझी आजी शेवटची चार वर्षं अंथरुणात होती. माणसं ओळखायची नाही, हात लावला की चावायची. आई तिला रोज दोन वेळा पेज भरवायची. मला हे तोवर आठवलंच नव्हतं. उशी मी परत जागेवर ठेवली.

सिनेमातला लोभी देव हस्तर, त्याच्याबद्दलही तिचं मत असंच निघालं. त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, त्यामुळे तो कणकेला भुललेला. तोच थोरला पोरगा, मोठेपणी विनायकराव झालेला, विहिरीतून खाली उतरतो, कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकतो, आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतून मोहरा पाडून घेतो. आई गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, ‘उपाशी माणूस जेवता आणि ह्यो त्याच्या कमरेचा सोडून घेता. भूत खंयचां ह्यातलां?’ यावर कुठल्याही समीक्षकाकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

पण सिनेमा संपल्यावर तिने जो प्रश्न विचारला त्याने मी आडवा झालो. ‘सगळो पाऊसच पाऊस. एक दिस ऊन नाय. ह्यांनी सुकट खंय सुकवली असतली?’

मी म्हटलं, ती ब्राह्मणांची घरं होती.

‘मगे आंबोशी? फणसपोळी? पापड?’

मला सांगता येईना. पुण्याचे प्रसंग असतील, तिथे वाळवत असतील, असं काहीतरी बोललो. तिला ते पटलं नाही. जेवताना पटलं नाही, गोळ्या घेताना पटलं नाही. ‘वाळवणां नाय तर पावसात खातले काय?’ असं म्हणत ती झोपायला गेली.

त्या रात्री मला तहान लागली. दोन वाजून गेले असावेत, घड्याळ मी मुद्दाम बघितलं नाही, २ वाजून १७ मिनिटं झालेली असती तर अवघड झालं असतं. बायकोला हलवलं. ती म्हणाली, ‘मांजराला सांग.’ मग डोळे मिटले आणि धावलो. पाचव्या पावलाला कळलं की डोळे मिटूनही पापण्यांवर उजेड हलतोय. निळा. थरथरता. हॉलमधून. आवाज काही नाही. डोळे उघडायची माझी छाती नव्हती, पण आकाशकंदिलाच्या शेपट्या गालाला लागल्या आणि ते आपोआप उघडले.

हॉलमध्ये पांढरं नेसून, केस मोकळे सोडलेली, पाठमोरी एक म्हातारी टीव्हीपुढे बसली होती. पडद्यावर मुका पाऊस पडत होता.

‘आई?’

‘आवाज करू नको, पोर निजलां.’ तिने रिमोट उचलला आणि सिनेमा थोडा मागे नेला. वाडा, चिखल, छत्री. पुन्हा मागे. ‘मगाशी खंयतरी ऊन पडल्यासारख्यां दिसलां. ता बघतंय.’

मी शेजारी बसलो. तिने एका ठिकाणी चित्र थांबवलं, चष्मा वर केला, टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘लाईट आसा ती.’

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला सकाळी लवकर निघायचं होतं, पाणीही प्यायचं राहिलं होतं. पण परत खोलीत जायचं तर मधे पॅसेज लागतो. मी शेंगांचं ताट पुढे ओढलं.